‘आलास’ की ‘आलीस’?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (गाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) :

ताई, मी २६ वर्षांचा आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढलो. अण्णा आमच्या भजनी मंडळाचे विणेकरी. मी आठवीपासून मंडळात पेटी वाजवतो, गौळण म्हणतो. पंचक्रोशीतल्या सप्त्यांत माझ्या गौळणीला नाव आहे. आता लातूरला खोली करून राहतो, एका क्लासमध्ये पेटी शिकवतो. मला पुरुषच आवडतात, हे कॉलेजात असल्यापासून मला ठाऊक आहे. घरी कुणालाच माहीत नाही. ज्याच्यावर जीव होता त्याचं मागच्या वर्षी लग्न झालं. त्याच्या हळदीला पेटीवर मीच होतो. त्यानंतर एक गाणं बांधलं. ध्रुपद असं : ‘पेरणीआधी आलास, मळणीआधी गेलास’. ओळखीचा स्टुडिओवाला म्हणतो, चाल भारी आहे, फक्त ‘आलीस, गेलीस’ कर, लग्नसराईत डीजेवर वाजेल. ‘आलीस’ म्हटलं की खोटं बोलल्यासारखं होतं. ‘आलास’ ठेवलं तर अण्णांना गावात तोंड दाखवता येणार नाही. माय दिवाळीनंतर मुली बघायला निघणार आहे. कधी वाटतं, लग्न करून मोकळं व्हावं आणि गाणं फेकून द्यावं. रात्री झोप येत नाही. परदेशातले गायक म्हणे गाण्यातून सगळं उघड सांगतात. आपल्याकडे ते कसं जमायचं?

मित्रा,

तू पाठवलेली क्लिप मी तीनदा ऐकली. पहिल्यांदा सल्ला द्यायच्या तयारीनं, दुसऱ्यांदा नुसतीच, तिसऱ्यांदा वही घेऊन क्रियापदं मोजत. हसू नकोस, मी बावीस वर्षं शाळेत मराठी शिकवली आहे. ध्रुपद तुझ्या परवानगीनंच इथे छापते आहे, तेही शब्द बदलून. क्रियापदं तेवढी तुझी ठेवली, कारण तुझा सगळा पेच त्यांच्यातच अडकला आहे.

आधी तेच बघू. इंग्रजीत गाणाऱ्याला हा पेच एवढ्या लवकर गाठत नाही. ‘यू’ म्हटलं की समोर बाई आहे की बाप्या, हे कळत नाही. इंग्लंडच्या सॅम स्मिथ या गायकाचा पहिला अल्बम २०१४ साली आला. सगळी प्रेमभंगाची गाणी, आणि त्यांत ‘तो’ किंवा ‘ती’ येऊ द्यायची नाही असं मुद्दाम ठरवलेलं. ती गाणी एका पुरुषासाठी होती, हे स्मिथ यांनी मुलाखतीत सांगितलं, गाण्यात नाही. तीन वर्षांनी पुढचा अल्बम आला, तेव्हा एका गाण्यात देवाशी बोलता बोलता ‘तो’ उघड आला. २०१९ मध्ये त्यांनी आपण पुरुष किंवा स्त्री यांपैकी कुठल्याच चौकटीत बसत नाही, असंही सांगितलं. म्हणजे एकच माणूस, आणि पाच वर्षांत तीन वेळा वेगवेगळं बोललं. पहिल्या वेळी ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही.

मराठीत ‘तू’ म्हणून सुटका नाही, क्रियापद लगेच चुगली करतं. पण सगळीच क्रियापदं करत नाहीत, आणि गंमत म्हणजे हे तुझ्याच गाण्यात आहे. दुसऱ्या कडव्यात तू गातोस, ‘तू हाक दिलीस, मी पेटी मिटली’. हा ‘दिलीस’ कुणाचा? हाकेचा. हाक देणारा कोण, ते त्यात कुठेच नाही. ‘हात धरलास’मधला ‘लास’ हाताचा. कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या मागे जातं आणि कर्ता पडद्याआड राहतो. भविष्यकाळही तसाच : ‘येशील’, ‘जाशील’, ‘विसरशील’ हे दोघांनाही चालतं. तुझी तिन्ही कडवी मी तपासली. कर्ता उघडा पडतो तो फक्त ध्रुपदात, त्या दोन शब्दांत.

मग ध्रुपद बदलून पाहिलं. ‘पेरणीआधी पाऊल टाकलंस, मळणीआधी पाठ फिरवलीस.’ व्याकरण सुटलं आणि गाणं बिघडलं. ‘गेलास’मध्ये आरोप नाही, ‘पाठ फिरवलीस’मध्ये आहे, आणि तुला त्याच्यावर आरोप करायचा नाही हे तुझ्या चालीवरूनच कळतं. मग दुसरी केली : ‘पेरणीआधी तुझं येणं, मळणीआधी तुझं जाणं.’ ही बरी आहे. मात्राही फारशा ओढाताणीशिवाय बसतात, गाऊन पाहिलं. पण ‘आलास’ म्हणताना माणूस समोर उभा राहतो, ‘येणं’ म्हणताना तो आधीच निघून गेलेला असतो. त्यातलं तुला काय हवं, ते तूच ठरव. एवढंच दाखवायचं होतं की ‘आलास’ म्हणजे खरं आणि ‘आलीस’ म्हणजे खोटं, इतक्या दोनच खणांची ही पेटी नाही.

‘आलीस’ मात्र नको. हे मी स्पष्ट सांगते, कारण पत्रात तुझं उत्तर आधीच आलं आहे. दुसऱ्या एखाद्या गायकानं आपल्या गाण्यात तसा बदल केला तर मी त्याला नावं ठेवणार नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण डीजेवर ते गाणं दहादा वाजेल आणि दहाही वेळा तू मांडवाबाहेर जाऊन उभा राहशील.

आता ‘आपल्याकडे ते कसं जमायचं’ या वाक्याकडे येते. एक गोष्ट तू पत्रात ओलांडून गेला आहेस. गेली बारा-तेरा वर्षं भर सप्त्यात, शेकडो माणसांसमोर, तू बाईचा ‘मी’ घेऊन गातोस. त्यानं वाट अडवली म्हणून तक्रार करतोस, तो आला नाही म्हणून झुरतोस. गावानं नावं ठेवली नाहीत, उलट काल्याच्या दिवशी तुलाच पुढे ढकलतात. आणि हे काही आजचं नाही. आपेगावच्या ज्ञानदेवांनी विराण्या लिहिल्या त्या विरहिणीच्या मुखानं. तुमच्या गंगाखेडची जनाबाई विठोबाला ‘विठाबाई’ म्हणून हाक मारते. पैठणच्या नाथांनी भारुडात सासुरवाशिणीचा, जोशाचा, वासुदेवाचा, गोंधळ्याचा, कुणाकुणाचा ‘मी’ अंगावर घेतला. सगळी आपल्या गोदाकाठची माणसं.

इथे मला घाई करायची नाही. विराणीतली ओढ जिवाची देवाकडची आहे. तिच्यावर आजचं नाव चिकटवून संतांना आपल्या बाजूला ओढणं मला पटत नाही, आणि त्यावरून एखाद्या महाराजांशी वाद घालून तुझं भलंही व्हायचं नाही. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की गाण्यातला ‘मी’ आणि गाणारा माणूस एकच असला पाहिजे, अशी अट आपल्या कानांनी कधी घातली नव्हती. औरंगाबादचे शायर सिराज अठराव्या शतकातले. उर्दू गझलेच्या रिवाजाप्रमाणे त्यांचा माशूकही व्याकरणानं पुल्लिंगी. कव्वाल आजही सिराज गातात, आणि ‘हा कोण?’ म्हणून कुणी विचारत नाही. रिवाज पाठीशी असला की प्रश्न पडत नाही. तुझ्या ‘आलास’च्या पाठीशी ना गौळणीचा रिवाज आहे ना गझलेचा, म्हणून तो इतका उघडा वाटतो. हेच कान तमाशात नाच्या आला की शिट्ट्या मारतात, तेही मी विसरलेले नाही. तेव्हा ‘आपल्याकडे सगळं चालतं’ असं म्हणून मी तुला पुढे ढकलणार नाही.

परदेशातल्या गायकांबद्दल तू जे ऐकलं आहेस, तेही अर्धंच आहे. चावेला वार्गास ही माझी आवडती. जन्म १९१९, कोस्टा रिका. लहान वयातच मेक्सिकोला गेली. तिथे रांचेरा नावाचा गाण्याचा प्रकार आहे : दारू, विरह, शेतमळे, आणि पुरुषानं बाईसाठी फोडलेला टाहो. बाई गायची तर ‘ती’चा ‘तो’ करून गायची. चावेलानं तो बदल केला नाही. अंगावर पोंचो, हातात सिगार, आणि गाणं बाईला उद्देशून, जसंच्या तसं. तिची पहिली रेकॉर्ड १९६१ सालची. ऐकणाऱ्यांना काय कळायचं ते कळत होतं. पण आपल्याला बायका आवडतात, असं जाहीर बोलली ती २००० साली, वयाच्या ८१ व्या वर्षी. मधल्या काळात दारूनं तिची कितीतरी वर्षं खाल्ली, रंगमंच सुटला, पुन्हा मिळाला. २०१२ मध्ये, ९३ व्या वर्षी गेली. सर्वनाम आणि कबुली यांच्यात तिनं जवळपास चाळीस वर्षं जाऊ दिली. तू हे दोन्ही एकाच रेकॉर्डिंगमध्ये उरकायला निघाला आहेस.

आणि ज्यानं कधीच खुलासा केला नाही असाही एक आहे, आणि तो तर आपल्या पाचगणीच्या शाळेत पियानो शिकलेला. फारुख बलसारा, म्हणजे ‘क्वीन’ या इंग्लंडच्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी. आपली गाणी कशाबद्दल आहेत आणि आपण कोण आहोत, हे त्यानं लोकांना समजावून सांगितलं नाही. १९९१ मध्ये एड्स झाल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याचा आदर्श घे असं म्हणत नाही. सगळं आत ठेवण्याचीही किंमत असते. पण सगळे उघड सांगतात, असं नाही.

कदाचित कुणी तुला मंजम्मा जोगतींचं उदाहरण देईल. आपल्या शेजारच्या कर्नाटकात यल्लम्माची गाणी गात, जोगती नृत्य करत त्यांनी आयुष्य काढलं. घर सुटलं, भीक मागायची वेळ आली. पुढे २०१९ मध्ये त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठी बाई. पण त्या पारलिंगी स्त्री आहेत आणि तू पुरुषांवर प्रेम करणारा पुरुष आहेस. गाव या दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात घालेल, तू घालू नकोस. गौळण छान म्हणतोस म्हणून तू आतून बाई आहेस, असं कुणी म्हटलं तर ते खरं आहे की नाही हे तुलाच माहीत, त्यांना नाही.

यापुढचं थोडं बोचेल. तुझ्या तिसऱ्या कडव्यात त्याच्या दुकानाची एक खूण आहे. ती इथे लिहीत नाही, आणि गाण्यातूनही काढ. दुःख तुझं आहे, गाणंही तुझं आहे, पण त्या माणसाचं जाहीर नाव घेण्याचा हक्क तुझा नाही. त्याच्या घरात आता एक बाई आहे, आणि तिनं हे व्हॉट्सॲपवरून ऐकायला नको. अमेरिकेतला गायक फ्रँक ओशन यानं जुलै २०१२ मध्ये, पहिला मोठा अल्बम यायच्या काही दिवस आधी, एक पत्र लोकांसमोर ठेवलं. १९ व्या वर्षी आपण एका पुरुषाच्या प्रेमात पडलो, ते पहिलं प्रेम होतं, असं त्यात होतं. त्या माणसाचे आभार आहेत, नाव नाही. ते पत्र मिळालं तर वाच. काय काय सांगितलं आहे याच्याइतकंच काय गाळलं आहे, तेही बघ.

‘लग्न करून मोकळं व्हावं’ असं तू लिहिलंस. मोकळं कोण होईल? ज्या मुलीला तुझी माय बघायला निघाली आहे, तिचा या पत्रात एका ओळीपुरताही विचार नाही. रशियाचा चायकोव्हस्की केवढा मोठा संगीतकार. लोकांची तोंडं बंद करायला १८७७ मध्ये त्यानं लग्न केलं. काही आठवड्यांत तो मोडून पडला आणि घर सोडून निघून गेला. ती बाई मात्र कायद्यानं त्याची बायको राहिली, ना संसार ना सुटका. मायला सगळं कारण आत्ताच सांगायला पाहिजे असं नाही. ‘मला लग्न करायचं नाही, कुणाच्या दारी जाऊ नकोस’ एवढं दिवाळीआधी सांगता येईल. भांडण होईल. पण दिवाळीनंतर, एखाद्या मुलीच्या बापानं होकार दिल्यावर, ते याहून मोठं होईल.

अण्णांचं वेगळं आहे. अण्णा काय म्हणतील, हे तू चार वेळा लिहिलंस. अण्णांनी कधी काय म्हटलं, हे पत्रात कुठेच नाही. ते समजून घेतील असं आश्वासन मी देऊ शकत नाही, मी त्यांना ओळखत नाही. पण त्यांना हे गाण्यातून कळू देऊ नकोस. पारावर कुणीतरी मोबाइल पुढे धरावा आणि त्यांनी पोराचा आवाज ओळखावा, असं व्हायला नको. कधी सांगायचं ठरवलंस तर गाणं बाहेर येण्याआधी, समोर बसून, आणि त्या रात्री लातूरला परतायची सोय ठेवून. घरात आधी कुणाला सांगता येईल ते बघ : बहीण, मावशी, एखादा चुलत भाऊ. ऐकून जेवायला वाढणारं एक माणूस पुष्कळ झालं.

दुसरं नाव घेऊन चॅनेल काढावं का, असंही विचारलं आहेस. काढ, पण त्या नावावर विसंबू नकोस. गौळण ऐकलेले कान तुझा आवाज पहिल्या आलापात ओळखतील. म्हणून ‘आलास’ लोकांत सोडण्याआधी तीन-चार महिन्यांचं भाडं हाताशी असू दे, क्लासवाल्यांचा स्वभाव पारखून घे, आणि आधी हे गाणं दोन-तीन विश्वासाच्या माणसांना खोलीतच ऐकव. लग्नसराई स्टुडिओवाल्याची आहे, तुझी नाही. त्याच्याकडून मूळ रेकॉर्डिंग आजच मागून घे. शब्द आणि चाल तुझी आहे, त्यांचा हक्क रचल्याक्षणी तुझा होतो, नोंदणी केली नसली तरी. पण पैशाचं आणि फाईल कुणी वापरायची याचं त्याच्याकडून लिहून घे. तोंडी व्यवहारात कितीतरी कलावंत बुडालेले मी पाहिले आहेत.

ज्यांना हे सगळं समजावून सांगावं लागणार नाही, अशी माणसं शोध. तुझ्यासारख्यांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट मुंबईत १९९४ पासून आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला, आणि त्यांनी या विषयावर साध्या मराठीत पुस्तकंही लिहिली आहेत. एक मायच्या हातात देता येईल का, ते आधी वाचून ठरव.

झोपेची गोष्ट तू शेवटी एका वाक्यात उरकलीस, म्हणून मी तिथेच थांबले. झोप न येण्याला आठवडे उलटले असतील तर गाण्याच्या आधी तिचं बघ. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट, रात्रंदिवस, आणि मराठीतून बोलता येतं. जगणं नको असं वाटेल त्या रात्री तर लगेच लाव. लातूरला मानसोपचारतज्ज्ञही मिळतील. ‘हे बदलून देतो’ असं कुणी म्हणालं, डॉक्टर असो की अंगारेवाला, तर उठून ये. अशा उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. आणि असं प्रेम हा गुन्हा नाही, हे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगून झालं आहे. त्या खटल्याला ज्यांचं नाव आहे ते नवतेज सिंग जोहर भरतनाट्यम नर्तक आहेत, हे तुला आवडेल. बरं वाटायला लागलं तर गाणं आटेल, अशी भीती बाळगू नकोस. चावेलानं दारू सोडल्यावरही गाणं सोडलं नाही, आणि मला तर तिचं म्हातारपणीचंच गाणं जास्त आवडतं.

आता तिसऱ्यांदा ऐकताना जे टिपलं ते. तू हे गाणं काळी चारच्या उंच पट्टीत गायला आहेस. गौळणीची सवय, मंडळाची पट्टी. आवाज चढतो, बारीक होतो, आणि ‘गेलास’वर तो तुझा राहत नाही, गौळणीतल्या त्या बाईचा होतो. पण दुसरं कडवं संपताना, पेटीचा भाता सोडल्यावर, तू नुसतंच गुणगुणला आहेस, बोलतोस त्या आवाजात. रेकॉर्डिंग चालू आहे हे बहुतेक विसरला होतास. ते सात-आठ सेकंद मी पुन्हा पुन्हा ऐकले. काळी एकच्या खालच्या पट्टीत बस, आणि तिथून एकदा सगळं गाऊन बघ. ध्रुपद कुठलंही घे. क्लिप मला पाठव.